गुलाबाईचा शेवटचा मुक्काम

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची. भादव्याच्या पौर्णिमेला सुरू झाली आणि कोजागरीला संपली. त्याआधीची दोन वर्षं करोनात गेलेली. शाळांना कुलपं, माणसांच्या तोंडाला फडकी, आणि सुरतेत लिंबायतच्या त्या गल्लीत गुलाबाई बसलीच नव्हती. म्हणून त्या साली पोरींना काय घाई झाली होती! शाळेतून आल्या की दप्तर कोपऱ्यात, हातपाय धुतले न धुतले, की टिपऱ्या घेऊन धुरपदाबाईंच्या ओट्यावर हजर.

गुलाबाई ज्यांना ठाऊक नाही त्यांना थोडं सांगायला हवं. खानदेशात भादव्याच्या पौर्णिमेला पार्वती गुलाबाई होऊन माहेरपणाला येते. बरोबर गुलोजी असतो, म्हणजे शंकर. मातीची रंगवलेली ही जोडमूर्ती मांडायची, महिनाभर रोज संध्याकाळी मुलींनी तिच्यापुढे गाणी म्हणायची, आणि गाणी संपली की घरच्या बाईने झाकलेल्या डब्यात खाऊ आणायचा. डबा हलवून बघा, वास घ्या, गोड की तिखट विचारा. पण ओळखल्याशिवाय घास मिळायचा नाही. गावाकडे प्रत्येकीची गुलाबाई वेगळी. सुरतेत दहा बाय दहाच्या खोलीत माणसंच एकमेकांच्या पायावर पाय देऊन झोपतात, तिथे प्रत्येकीने कुठे मांडावी? म्हणून या गल्लीने आपल्यापुरती एक रीत पाडली होती. सगळ्यांची मिळून एकच गुलाबाई. तिला पितळी परातीत बसवायचं, आणि रोज एका मुलीच्या घरी मुक्कामाला न्यायचं. रात्रभर ती त्या घरी राहायची. दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या घरी.

कोणत्या दिवशी कोणाचा नंबर, हे धुरपदाबाई ठरवत. वय सहासष्ट, गुडघे कामातून गेलेले, पण सगळ्या गल्लीचा हिशोब तोंडपाठ. कुणाच्या घरी बाप रातपाळीला आहे, कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाची आई साखर कारखान्याच्या गावी चलथाणला भावाकडे गेली आहे, सगळं त्यांना ओट्यावर बसल्या बसल्या कळायचं. त्यांना दुसरं होतं तरी काय! मुलगा लखन बारा तास कापडाच्या लूमवर. घरी आला की कानात यंत्रांचा खडखडाट घेऊनच झोपायचा. सून नूतन दिवसभर साड्यांना चमकीचे खडे चिकटवायची. मान वर करायला सवड नाही, मग बोलायला कुठली? नात हेतल सहावीत, महानगरपालिकेच्या मराठी शाळेत. ती तेवढी आजीजवळ टेकायची. बाकी दिवस लांबच्या लांब. भरल्या घरात माणूस किती एकटं असू शकतं, हे धुरपदाबाईंना विचारावं. म्हणून तर गुलाबाईचा शेवटचा मुक्काम, कोजागरीचा, त्या दर वर्षी आपल्याच घरी ठेवत. त्या दिवशी गल्लीतली सगळी बायामाणसं दारात यायची, दूध व्हायचं, हसणं व्हायचं. वर्षातली ती एक संध्याकाळ त्या अकरा महिने पुरवून पुरवून वापरायच्या.

गल्लीत मुली होत्या चौदा. तेरा घरी गुलाबाई जाऊन आली. प्रत्येकीकडे दोनदा, काहींकडे तर तीनदा. चौदावी होती पल्लवी.

गल्लीच्या टोकाला, लोखंडी जिन्यावरच्या खोलीत पल्लवी आणि तिची आई स्वाती, दोघीच राहत. पल्लवीचा बाप अक्षय दुसऱ्या लाटेत गेला. आजारी पडल्यापासून आठव्या दिवशी गेला. प्रेतही घरी आलं नाही. स्वाती तेव्हा तीस वर्षांची. तिने गावी जायचं नाकारलं, पोरीची शाळा मोडायची नाही म्हणून. नूतनसारखंच साड्यांचं काम घेतलं, आणि घरात कोंडून घेतल्यासारखी राहू लागली. तशी तिला कोणी वाईट बोललं नव्हतं. फक्त तिच्या जिन्यावर कुणाचं पाऊल वाजत नव्हतं.

पहिल्याच दिवशी स्वाती ओट्यापाशी आली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला.

"मावशी, आमचा नंबर कधी?"

धुरपदाबाईंनी तिच्याकडे न पाहता सुपातल्या तांदळातला खडा काढला. "बघू ना, माय. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी पल्लवी आली. "आजी, आज आमच्याकडे?"

"आज नाही बेटा, उद्या बघू."

असे तीन आठवडे गेले. नाही असं धुरपदाबाई एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांचं मन त्यांना सांगत होतं की आपण कुणाला दुखवलेलं नाही. जोडप्याची मूर्ती, सवाष्णीचा सण. विधवेच्या एकटीच्या घरी कसा न्यायचा? हे तोंडावर सांगितलं तर बिचारीला वाईट वाटेल, म्हणून उद्या म्हणायचं. केवढा हा चांगुलपणा! आपण सगळेच असा चांगुलपणा करतो.

एक दिवस हेतल शाळेतून आली आणि दप्तरातून वहीच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून आजीच्या हातावर ठेवलं.

"खाऊन बघ. अर्धी तुझ्यासाठी ठेवली."

सांजोरी होती. धुरपदाबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. रवा बेताचा भाजलेला, गूळ बेताचा, कड अशी नाजूक दुमडलेली की त्यांना अमळनेरजवळच्या गावातली आपल्या आईची चूल आठवली. "कोणाच्या डब्यातली गं? सुरतेत अशी सांजोरी करणारी कोण आहे?"

"वर्गातली एक मैत्रीण आहे," हेतल म्हणाली आणि टिपऱ्या घेऊन पळाली.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी धुडकूभाऊ आले. धुडकू म्हणजे धुरपदाबाईंच्या नवऱ्याचा, रघुनाथचा, लूमवरचा जुना जोडीदार. आता वय झालं म्हणून लूम सुटली, पण मोपेडवर साड्यांची गाठोडी लादून ते घरोघर काम पोहोचवत आणि झालेलं काम उचलत. दात चार राहिले होते, जीभ मात्र पूर्ण शाबूत.

"वहिनी, ओट्यावर बसून बसून ओटा झिजवला तुम्ही. घरमालक भाडं वाढवेल."

"तुमची मोपेड बघा आधी. आवाजानं मेलेलं माणूस उठून बसेल."

"मग रघुनाथच्या फोटोपुढून रोज नेतो ती. उठला तर बरंच आहे!" धुडकू हसले, गाठोडं नूतनपुढे टाकलं आणि पायरीवर टेकले. "आत्ता स्वातीकडं जाऊन आलो. काय वास सुटला होता म्हणून सांगू! पोरगी रोज काहीतरी करते. काल चिवडा, परवा करंज्या. मी म्हटलं, कोण येणारे? तर म्हणे, गुलाबाई येणारे, धुरपदामावशी उद्या म्हणाल्यात."

धुरपदाबाईंचा हात सुपात थांबला. "रोज करते?"

"रोज. तुम्ही रोज उद्या म्हणता ना."

नूतनने साडीवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. धुरपदाबाई म्हणाल्या, "धुडकूभाऊ, तुम्हाला ठाऊक आहे ना रीत? एकटी बाई, कपाळ मोकळं. देवाचं असतं हे."

धुडकूंनी गाठोड्याची गाठ सोडली आणि वरची लालभडक साडी बाहेर ओढली. खड्यांनी तिचा काठ नुसता लखलखत होता.

"ही कुठं जाणार, ठाऊक आहे? बिहारात. मागचं गाठोडं राजस्थानात गेलं. तिकडच्या नवऱ्या ही नेसून बोहल्यावर उभ्या राहतात, सासू ओटी भरते, भटजी अक्षता टाकतो. या काठाचा अर्धा भाग तुमच्या सुनेनं केला आणि अर्धा स्वातीनं. दोघींना अर्धी अर्धी दिली होती मी, घाई होती म्हणून. आता सांगा, कोणता अर्धा अपशकुनी?"

"साडी वेगळी, देव वेगळा."

"बरं. मग गुलाबाई कोण?"

"पार्वती."

"इथं कशाला आलीये?"

"माहेरपणाला, दुसरं कशाला!"

"माहेरी आलेली लेक गावात कोणाकडं जाणार आणि कोणाकडं नाही, हे शेजारीण ठरवते का हो वहिनी? माहेरवाशीण तर आधी त्या घरी जाते जिथं कोणी दुःखात आहे. गळ्यात गळा घालून रडायला. तिला परातीत बसवून तुम्ही मात्र फक्त सुखाची घरं दाखवता!"

धुरपदाबाई चिडल्या. "तुम्हाला काय कळतं बायकांचं? माझ्यावरूनही गेलंय हे. मी कुणाकडं तक्रार घेऊन गेले होते?"

"नाही गेलात," धुडकू हळूच म्हणाले. "जायला हवं होतं." आणि मोपेडला लाथ मारून निघून गेले.

ते गेले आणि धुरपदाबाईंच्या पुढ्यात चौऱ्याण्णव साल येऊन बसलं.

प्लेगचं साल. भादवा सरत आलेला. सुरतेतून माणसं मिळेल त्या गाडीला लटकून पळत होती. रघुनाथला ताप भरला. तो प्लेगचा होता की साधा, हे शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही, कारण सांगायला कोणी जागेवर नव्हतं. अडतिसाव्या वर्षी धुरपदाबाई बारा वर्षांच्या लखनला घेऊन मोकळ्या गल्लीत उरल्या. लोक परतले, लूम सुरू झाल्या. पुढच्या वर्षी गुलाबाई बसली. गल्लीत सगळ्यांत गोड गळा धुरपदेचा. ती सवयीने परात उचलायला वाकली, तेव्हा गल्लीतली मोठी बाई, कलाबाई, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली होती, "तू राहू दे, माय. तू तिकडं ओट्यावर बस." हात मऊ होता, आवाजही मऊ होता. म्हणून तर धुरपदाबाईंना रागावता आलं नाही. त्या ओट्यावर बसल्या त्या बसल्याच. त्यांच्या घरी पुढे चौदा वर्षं गुलाबाई आली नाही. लखनचं लग्न झालं, घरात जोडपं आलं, तेव्हा आली; पण परात उचलायची नूतनने, आरती ओवाळायची नूतनने. कलाबाई गेल्या आणि ठरवायचा मान धुरपदाबाईंकडे आला. ठरवण्याचा, शिवण्याचा नव्हे. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी त्या परातीला बोट लावलं नव्हतं, आणि झाकलेल्या डब्यात काय आहे हेही एकदा ओळखलं नव्हतं.

आपल्याला जे झालं ते नीटच झालं, असं मानल्याशिवाय एवढी वर्षं निघाली नसती. आणि ते नीट होतं, तर स्वातीलाही तेच नीट. धुरपदाबाईंनी सूप झटकलं आणि विचारही झटकला. पण तो गेला नाही.

कोजागरीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दुपारी शाळेतल्या मंदाबाई अचानक दारात आल्या. मराठी शाळेत पोरं कमी उरलेली, एकेका बाईकडे दोन दोन वर्ग. तरी मंदाबाई घरोघर फिरून मुलं टिकवत. धुरपदाबाईंनी विचारलं, हेतलने काही केलं का?

"केलंय, पण तुम्ही समजता तसं नाही," मंदाबाई म्हणाल्या. हेतल दारामागे उभी राहून चटईची कड उसवत होती. "भिंतीवर लावायला मी मुलांना 'आमच्या घरचा सण' लिहायला सांगितलं होतं. एकीनं लिहिलेलं मी वर्गात मोठ्यानं वाचलं, फार छान होतं म्हणून. तर तुमची हेतल उभी राहून ओरडली, 'बाई, हे सगळं खोटं आहे!' सगळा वर्ग हसला. जिनं लिहिलं होतं ती बाकाखाली वाकून पेन्सिल शोधत राहिली. तास संपेपर्यंत शोधत होती."

"पल्लवी?" धुरपदाबाईंनी विचारलं.

मंदाबाईंनी पिशवीतून वही काढली. "आजी, मला तुमचा सल्ला हवाय. ऐका."

आणि त्या वाचू लागल्या.

"'आमच्या घरी गुलाबाई आली. आमचा जिना लोखंडी आहे म्हणून परात सांभाळून आणली. हेतलने माझा हात धरला होता. आईने नवी चादर अंथरली. सगळ्या मुली मावल्या. एक जण दारात बसली पण तिला राग आला नाही. गाणी झाल्यावर आईने डबा आणला. कुणालाच ओळखता येईना. कुणी शंकरपाळी म्हणालं, कुणी लाडू म्हणालं. धुरपदा आजीपण आल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखतात तरी त्या वर आल्या. त्यांनी पहिल्यांदा ओळखलं. त्या म्हणाल्या, सांजोरी. मग सगळ्या हसल्या. सगळ्या गेल्यावर गुलाबाई आणि गुलोजी आमच्याकडेच राहिले. त्या रात्री आमच्या घरात आम्ही चौघं होतो.'"

मंदाबाईंनी वही मिटली. बाहेर कुठेतरी गरब्याचा मांडव सोडत होते, बांबू पडल्याचा आवाज येत होता.

"सांजोरी," धुरपदाबाई पुटपुटल्या. त्यांनी हेतलकडे पाहिलं. "त्या दिवशीची ती..."

"पल्लवीच्या डब्यातली," हेतल रडवेली झाली. "तिच्या डब्यात रोज नवा खाऊ असतो. आम्ही सगळ्या मधल्या सुट्टीत खातो. ती म्हणते, काल संध्याकाळचा आहे, उरलाय."

उरलाय! रोज संध्याकाळी केलेला, रोज झाकून ठेवलेला, रोज वाट पाहून उरलेला! आणि तो खाऊन गल्लीतल्या तेरा पोरी गुबगुबीत होत होत्या. स्वतः धुरपदाबाईंनी डोळे मिटून खाल्ला होता.

"आता मला सांगा, आजी," मंदाबाई शांतपणे म्हणाल्या. "शुद्धलेखन चांगलं आहे. अक्षर चांगलं आहे. पण वर्ग म्हणतो, खोटं आहे. मी तिला किती गुण देऊ? लाल शाईनं खोटं लिहू, की खरं लिहू? मला ठरवता येत नाही. ते तुम्हालाच ठरवता येईल."

वही चटईवर ठेवून त्या उठल्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोजागरी. रविवार होता, लूमला सुट्टी. धुरपदाबाईंच्या ओट्यासमोर चौक भरला. नूतनने दुधाचं पातेलं चुलीवर चढवलं होतं, वेलदोड्याचा वास गल्लीभर. बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या, पोरींच्या वेण्यांत गजरे. उद्या चंदी पडवा, सुरतेत घारी नावाची मिठाई खायचा सण, म्हणून धुडकूभाऊ कुठूनतरी घारीचं खोकं घेऊन आले होते आणि ते काखेत धरून कुणाला हात लावू देत नव्हते. आदल्या घरून गुलाबाई येऊन ओट्याखाली पाटावर विसावली होती. आता तिला आत न्यायचं, की शेवटचा मुक्काम सुरू.

पल्लवी कुठे दिसत नव्हती. गल्लीच्या टोकाला लोखंडी जिन्यावरच्या खिडकीत दिवा होता.

"नूतन, उचल परात," शेजारची सुंदरा म्हणाली. "चंद्र वर आला बघ."

नूतन पदर खोचून वाकली.

"थांबा!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. धुरपदाबाई ओट्यावरून उतरत होत्या. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. त्या पाटापाशी आल्या, वाकल्या, आणि अठ्ठावीस वर्षांनी दोन्ही हातांनी परात धरली.

"अहो आत्या," नूतन घाबरून म्हणाली, "मी घेते ना!"

"तू दूध बघ. उतू जाईल." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "यंदा शेवटचा मुक्काम आमच्याकडे नाही. स्वातीकडे आहे."

मग सुंदरा पुढे आली. "मावशी, आजच्या दिवशी? जोडप्याची मूर्ती, आणि तिच्या घरी? आम्हीसुद्धा लेकरंबाळं असलेल्या आहोत. काही झालं तर?"

"काय होणार, सुंदरा? जे व्हायचं ते तिच्या घरी आधीच होऊन गेलंय. ते काय तिनं गुलाबाई बसवली म्हणून झालं?" धुरपदाबाईंनी परात उराशी घेतली, तिच्यातले गुलोजी डुलले. "मला अठ्ठावीस वर्षं ओट्यावर बसवलं तुम्ही सगळ्यांनी. प्रेमानं बसवलं. मी पण बसले. माझं काय चुकलं होतं, सांगेल का कोणी? माझा नवरा मेला, एवढंच ना? आणि मग मीच उठून तेच त्या पोरीला केलं! गुलाबाई माहेरी आलीये गं. तिला कुलूप लावलेलं माहेर दाखवू नका."

सुंदराने आपल्या मुलीचा हात धरला आणि ती घरी निघून गेली. आणखी दोघी तिच्यामागे गेल्या. बाकीच्या उभ्या राहिल्या. मग हेतल परातीच्या एका बाजूला येऊन उभी राहिली, आणि मागून धुडकूभाऊंचा आवाज आला, "चला गं पोरींनो, जिना लोखंडी आहे. सांभाळून!"

लोखंडी जिन्याला सतरा पायऱ्या. धुरपदाबाई प्रत्येक पायरीवर थांबल्या. वर दार उघडंच होतं. ट्यूबलाइटखाली स्वाती साडी मांडीवर घेऊन खडे चिकटवत होती, बोटांना डिंक. पल्लवी भिंतीला टेकून पुस्तक उघडून बसली होती, वाचत नव्हती. दारात परात दिसली आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, जणू पहिल्यांदा कोणी उठायचं हेच कळत नव्हतं.

"स्वाती, चादर टाक," धुरपदाबाई म्हणाल्या. "पाहुणी आलीये. उशीर झाला, पण आलीये."

चादर अंथरली. आलेल्या सगळ्या मुली मावल्या, दोघी दारात बसल्या. हेतल पल्लवीच्या शेजारी जाऊन बसली, कानात काहीतरी म्हणाली. पल्लवीने आधी मान फिरवली, मग नाक पुसलं. गाणी सुरू झाली. एका गाण्यात धुरपदाबाईंचा आवाज मिसळला, घोगरा, मध्येच फाटणारा. मुली दचकल्या. या आजी गातात हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

गाणी संपली. "खाऊ! खाऊ!" पोरींनी टिपऱ्या वाजवल्या.

स्वाती उठली. फळीवरून डबा काढला, झाकण घट्ट लावलं, आणि तो छातीशी धरून तशीच उभी राहिली. पोरींनी गलका केला. "शंकरपाळी!" "चिवडा!" "काकू, डबा हलवा ना!" स्वाती डबा हलवेना. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. धुरपदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे. चूल थंड होती. कढई पालथी होती.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मी ओळखते."

त्यांनी डबा हलवायला सांगितलं नाही, वासही घेतला नाही.

"डब्यात काही नाही."

स्वातीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. "मावशी, रोज केलं हो. एकोणतीस दिवस केलं. आज म्हटलं, आता कशाला..."

"बरोबर ओळखलं ना मी?" धुरपदाबाईंनी हात पुढे केला. "आण तो डबा इकडं. बघा पोरींनो, हा रिकामा डबा तिचा नाही, आपला आहे. आपण सगळ्यांनी मिळून रिकामा केला. एकोणतीस दिवस ती माणसांची वाट पाहत होती, आणि मी तिला उद्या उद्या म्हणत होते. नाही म्हणाले असते तर ती एक दिवस रडली असती. मी तिला महिनाभर रडवलं. स्वाती, माय, मला माफ कर."

स्वातीने डिंकाचे हात पुढे केले आणि धुरपदाबाईंना धरून खाली बसवलं. त्यांचे गुडघे वळत नव्हते.

आणि मग पोरींनी काय केलं माहीत आहे? कोणी सांगितलं नाही, कोणी शिकवलं नाही. हेतल उठली, धडधड जिना उतरली, तिच्यामागे बाकीच्या. पाच मिनिटांत सगळ्या परत. कुणाच्या मुठीत मुरमुरे, कुणाच्या फ्रॉकच्या घोळात शेंगदाणे, एकीने बिस्किटाचा पुडा, एकीने आईच्या नकळत उचललेलं एक केळं. सगळं त्या डब्यात. नूतन दुधाचं पातेलं घेऊन वर आली. धुडकूभाऊंनी काखेतलं घारीचं खोकं पुढे केलं आणि म्हणाले, "ही मी उद्या एकटाच खाणार होतो. तुम्ही माझी चंदी बिघडवली." स्वाती हसली. त्या गल्लीत तिला हसताना पाहिलं त्याला दीड वर्ष झालं होतं.

शेवटी पल्लवीने झाकण लावलं, डबा छातीशी धरला आणि ऐटीत विचारलं, "ओळखा, आत काय आहे?" सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी मुद्दाम चुकीचं सांगितलं.

त्या रात्री गुलाबाई आणि गुलोजी लोखंडी जिन्यावरच्या खोलीत राहिले. दुसऱ्या दिवशी तापीत विसर्जन झालं, परात स्वातीने धरली. त्याच सोमवारी हेतलने वही शाळेत नेऊन सगळं सांगितलं, आणि मंदाबाईंनी पल्लवीच्या वहीत लाल शाईने लिहिलं, "खरं आहे", आणि दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण कापला, कारण आजींनी सांजोरी ओळखली असं तिने लिहिलं होतं आणि आजींनी तर दुसरंच ओळखलं होतं.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मंदाबाई निवृत्त होऊन नवापूरला राहतात. त्यांच्या वर्गातली मुलं आणखी कमी झाली, पण शाळेत आता गुलाबाई बसते. धुडकूभाऊ मागच्या हिवाळ्यात गेले. मोपेड नूतनच्या घरासमोर उभी आहे, कुणी सुरू करत नाही. सुंदरा अजून त्या जिन्यावर चढलेली नाही, पण तिची मुलगी येते, आणि आई विचारत नाही. हेतल आणि पल्लवी नववीत, कोसाडच्या बाजूच्या एकाच शाळेत रिक्षाने जातात आणि वाटेत भांडतात.

धुरपदाबाई दोन हजार चोवीसच्या श्रावणात गेल्या. शेवटच्या वर्षी त्या रोज दुपारी सतरा पायऱ्या चढून स्वातीकडे जाऊन बसत. ती खडे लावायची, या गाणी सांगायच्या. त्यांचं ते लांबच्या लांब दुपारचं एकटेपण त्या खोलीत संपलं. दार उघडलं ते स्वातीसाठी, पण आत गेल्या त्या धुरपदाबाई. दुसऱ्याला आपण बाहेर ठेवतो तेव्हा आपणही बाहेरच बसलेले असतो, हे ज्याला वेळेवर कळलं तो सुटला.

आता गल्लीत कोणाचा नंबर कधी, हे स्वाती ठरवते. तिने एकच नियम केला आहे, आणि तो आपण सगळ्यांनी आपापल्या गल्लीत करावा असा आहे. कुणालाही नुसतं उद्या म्हणायचं नाही. वार सांगायचा. आणि त्या वारी जायचं.